मधूनमधून मरणारे मास्तर

१९९४ साल होतं आणि मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. भिलाईच्या इंडस्ट्रियल एरियात नट-बोल्टचा एक कारखाना होता, तिथं मी वायरमन आणि मोटर वाइंडर. शिक्षण चौथी. पाचवीत बसलो होतो, पण गुरुजींशी पटलं नाही, आणि त्यात चूक गुरुजींची होती हे मी आजही म्हणतो. जळालेल्या मोटरचा नुसता वास घेऊन कोणत्या फेजनं दगा दिला ते मी सांगत असे. मला काही शिकवायला कोणी येईल असं त्या वयात वाटत नव्हतं. तेव्हा मास्तर आले.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते चाललं नसतं. "नाव म्हणजे अर्धा पासवर्ड हाये मिस्त्री," ते म्हणायचे. "चोराले अर्ध्या रस्त्यापर्यंत आपणच कावून पोचवून द्यायचं?" मूळचे अमरावतीकडचे. टेलिफोनची नोकरी मुदतीआधी सोडून दिलेली, बायको गेलेली, पोरगी नागपूरला दिलेली, आणि नेहरू नगरात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत एकटेच राहायचे. मास्तर त्यांना आम्ही म्हणायचो. खिशात कायम खडू, आणि भिंत दिसली की चित्र काढून समजावणं सुरू. शेठची नवीन रंग दिलेली भिंत त्यांनी पहिल्याच दिवशी भरून टाकली.

शेठनी त्या साली सहा कम्प्यूटर घेतले होते. पाच लहान, एक मोठा. किती बोल्ट बनले, गोदामात किती आहेत, कोणाला कधी पाठवायचे, ही सगळी माहिती मोठ्यात ठेवायची आणि पाच टेबलांवरून पाच जणांनी ती एकाच वेळी पाहायची. तोवर ऑफिसातली माणसं फ्लॉपी हातात घेऊन ह्या टेबलावरून त्या टेबलावर पळत होती. आता सगळं तारेनं जोडायचं, ते बंद पडू द्यायचं नाही, आणि बाहेरच्या कोणाला आत डोकावू द्यायचं नाही, एवढं काम मास्तरांना दिलं होतं. एवढं म्हणजे किती, हे शेठला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी तसं दाखवलं नाही.

मास्तरांना हाताखाली एक माणूस हवा होता. शेठनी दुर्गहून डिप्लोमावाले तीन जण बोलावले. मास्तरांनी त्या तिघांसमोर आणि तिथंच बोर्ड दुरुस्त करत असलेल्या माझ्यासमोर एकेक सुतळीचा गुंता टाकला. हा एवढा, फुटबॉलसारखा. म्हणाले, "सरळ करून द्या." एकानं ब्लेड मागितलं. दुसऱ्यानं ब्लेड स्वतःच आणलं होतं. तिसरा विचारत होता की हा इंटरव्ह्यू आहे का. मी मांडी घालून बसलो आणि अडीच तासांनी सलग सुतळी त्यांच्या हातात दिली. मध्ये जेवणाची सुट्टी झाली तरी उठलो नाही. गुंता मला चिडवत होता, त्याला सोडून कसा उठणार?

"हा माणूस," मास्तर शेठला म्हणाले.

"ये तो चौथी पास है," शेठ म्हणाले.

"काटनेवाले बहुत मिलेंगे शेठ. खोलनेवाला यही एक है."

असा मी नेटवर्कमध्ये आलो.

मास्तरांचा एक मंत्र होता. जे एकच हाये, ते नाहीच असं समजा. त्यामुळं त्यांच्याकडं सगळं दोन. दोन मनगटांवर दोन घड्याळं. दोन चष्मे, एक डोळ्यावर आणि एक कपाळावर. पँटला पट्टा, आणि पट्ट्याच्या आत नाडी. मी विचारलं, "मास्तर, नाडी कशाले?" तर म्हणाले, "पट्टा तुटला तं तू धावत येशील काय?" घरून कारखान्यात एका दिवशी हायवेनं येत, दुसऱ्या दिवशी कॅम्प-१ च्या बाजारातून. एक रस्ता बंद झाला तर दुसरा पायाला माहीत असला पाहिजे. बाजारातून येताना त्यांची सायकल गाईंमध्ये अडकायची, मग उशीर व्हायचा. उशीर झाला की खूश. "पाह्यलं? दुसरा रस्ता खराब हाये हे आजच कळलं. गरजेच्या दिवशी कळलं असतं तं?"

तारही त्यांनी तशीच टाकायला लावली. सरळ एक तार सगळ्या टेबलांवरून फिरवली असती तर काम दोन दिवसांचं होतं. पण तशी तार कुठंही तुटली की सगळं ऑफिस ठप्प. म्हणून मोठ्या कम्प्यूटरमधून जाणाऱ्या दोन वेगळ्या लाइनी, एक ऑफिसकडं, एक गोदामाकडं. "अर्धं घर मेलं तं रडाले अर्धं उरलं पायजे," ते म्हणाले. वेल्डिंगच्या मशीनजवळून मी तार नेली तेव्हा त्यांनी ती उपसायला लावली. मी भांडलो. ते भिंतीवर चित्र काढायला लागले. मी म्हटलं, चित्र नको, मला पटवून द्या. मग त्यांनी छोटा रेडिओ आणून वेल्डिंगजवळ लावला. रेडिओतून नुसती कढई तडतडत होती. मी तार उपसली. हरलो असं मी म्हटलं नाही, त्यांनीही म्हणवून घेतलं नाही.

जादाची वीज जमिनीत उतरावी म्हणून अर्थिंगचा खड्डा आम्ही कंपाउंडच्या कोपऱ्यात खणला. कोळसा, मीठ, कोळसा, मीठ असे थर. त्यात ओल राहावी म्हणून मास्तर रोज सकाळी आल्या आल्या चपला काढून तिथं एक तांब्या पाणी घालायचे. चपला चिखलात भरू नयेत एवढंच त्यात होतं. पण आठ दिवसांत झाडूवाल्या बाईनं खड्ड्याच्या झाकणावर जास्वंदाचं फूल ठेवायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी तिथं उदबत्ती दिसली. नंतर ट्रक घेऊन आलेला एक ड्रायव्हर तिथं नारळ फोडून गेला, त्याला म्हणे वाटेत वाईट स्वप्न पडलं होतं. मी मास्तरांना म्हटलं, "सांगून द्या ना हे काय हाये ते." तर म्हणाले, "कावून? आता त्या जाग्यावर कोणी थुंकत नाही, सायकल लावत नाही, खणत नाही. यापेक्षा मोठी सिक्युरिटी मी बापजन्मात देऊ शकत नाही."

आमचे बडे बाबू रीवाकडचे होते. ऑफिसात शेठच्या खालोखाल तेच. त्यांना आपल्या पासवर्डचा फार अभिमान. मास्तर एकदा चहा घेऊन त्यांच्या टेबलाशी बसले, गाव कोणतं, शेती किती, पाऊस कसा, गोठ्यात काय काय, असं दहा मिनिटं गोड बोलले. मग उठले आणि दुसऱ्या टेबलावरून बडे बाबूंचा सगळा कारभार उघडून दाखवला. पासवर्ड म्हणजे गावाकडच्या म्हशीचं नाव होतं. बाबू दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी असा पासवर्ड ठेवला की संध्याकाळपर्यंत तो त्यांनाच आठवेना. मास्तरांनी त्यांचा हात हातात घेतला. "बाबूजी, अब आप पूरे सुरक्षित हैं."

रोज काम संपलं की दिवसभराची माहिती फ्लॉप्यांवर उतरवून मास्तर त्या कोणाच्या तरी रिकाम्या टिफिनमध्ये घरी पाठवायचे. आज ह्याच्या, उद्या त्याच्या. कारखान्याला आग लागली तर माहिती दुसऱ्या घरी पाहिजे. "घर वेगळं, आग वेगळी." माझ्या बायकोनं एकदा त्यातली एक फ्लॉपी राखेनं घासून, धुऊन, उन्हात वाळवून परत दिली. मास्तर रागावले नाहीत. त्याच दिवशी दोन टिफिन पाठवायला लागले.

पण खरं वेड पुढंच होतं. मास्तर मरायचे.

न सांगता, कोणत्याही दिवशी, कामाच्या ऐन गर्दीत ते ऑफिसातल्या लाकडी बाकावर आडवे व्हायचे, तोंडावर रुमाल घ्यायचे आणि म्हणायचे, "मी मेलो. आता चालवा." बस. त्याआधी कुठली तरी एक तार गुपचूप ढिली केलेली असायची. मग ती आम्ही शोधायची. त्यांना विचारायचं नाही, कारण मेलेला माणूस बोलत नाही. पहिल्यांदा मेले तेव्हा आम्ही चाळीस मिनिटं घेतली. बडे बाबू बाकाजवळ जाऊन म्हणाले, "मास्टर, मरने से पहले इतना तो बता जाते." रुमाल हलला नाही. मरताना चहा आला तर प्यायचे नाहीत, थंड होऊ द्यायचे. माशी बसली तर मात्र बोटानं उडवायचे. मी म्हटलं, हे नियमात बसत नाही. नंतर ते म्हणाले की एवढं तर खरा मेलेलाही करत असेल.

चौथ्यांदा मेले तेव्हा मी त्यांना सहा मिनिटांत उठवलं. त्या दिवशी रुमाल काढून त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की माझ्या बापानंही तसं कधी पाहिलं नव्हतं.

खरे गेले ते पुष्कळ वर्षांनी, नागपूरला पोरीच्या घरी. जावयाचं पत्र आलं. मी ते पत्र दोन दिवस तसंच ठेवलं आणि कोणाला सांगितलं नाही. काय सांगावं, उठतील म्हटलं.

तर त्या १९९४ सालच्या जून महिन्यात शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. मोठा कम्प्यूटर आधी जिथं तेलाचे डबे ठेवायचे त्या खोलीत होता. त्या खोलीची चावी आणि सगळ्या लाइनींची देखरेख कोणाकडं द्यायची, हा प्रश्न होता. मास्तरांचं काम संपत आलं होतं. रायपूरची एक कंपनी देखरेखीचा ठेका मागत होती. मास्तर म्हणत होते, मिस्त्रीला द्या.

"बरसात निकाल के दिखाओ," शेठ मला म्हणाले. "आज से विश्वकर्मा पूजा तक एक दिन भी लाइन बंद नहीं होनी चाहिए. नहीं हुई तो चाबी तुम्हारी. हुई तो वापस मोटर बांधो."

वापस मोटर बांधो. ते असं म्हणाले की जणू मोटर बांधणं म्हणजे शिक्षा. चोवीस वर्षं मी तेच करत आलो होतो. मी त्या क्षणी ठरवलं की चावी घेतल्याशिवाय राहणार नाही.

आणि पावसाळा काढला. गोदाम गळलं, तारेवर छत्री बांधली. उंदरानं कुरतडलं, जेवायच्या सुट्टीत जोडलं. एकही दिवस लाइन बंद पडली नाही. सप्टेंबर आला, पूजा आली.

भिलाईत विश्वकर्मा पूजा म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. त्या दिवशी मशीन चालत नाही. मशीन उघडायची, पुसायची, तेल-पाणी, हळद-कुंकू, फुलं. सगळी हत्यारं घासून-पुसून देवापुढं मांडायची, आणि एकदा मांडली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आदल्या दिवशी माझं आणि बडे बाबूंचं ह्यावरूनच वाजलं. मी म्हणत होतो, कम्प्यूटर मशीन आहे, त्याची पूजा उद्या. ते म्हणत होते, कम्प्यूटर लिखापढीचं सामान आहे, त्याची पूजा दिवाळीत वही-दौतीबरोबर. "मेरे वाले को कोई हाथ नहीं लगाएगा," त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "हार तो बिलकुल नहीं."

पूजेच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी आलो. शेठ म्हणाले होते पूजेपर्यंत, पूजा आली, म्हणजे मी जिंकलो. अंगात हत्तीचं बळ आलं होतं. मशीन उघडून पुसतात तर माझीही लाइन उघडून पुसली पाहिजे. प्रत्येक लाइनीच्या दोन्ही टोकांना अंगठ्याएवढी धातूची टोपी असते. ती नसेल तर तारेत बोललेलं टोकाला आपटून परत फिरतं आणि मागून येणाऱ्याला धडकतं, विहिरीत ओरडल्यावर होतं तसं. टोपी तो आवाज पिऊन टाकते. हे मास्तरांनी मला शिकवलं होतं आणि मी विसरलो नव्हतो. पण आज कोणाला बोलायचंच नाही तर टोपीचं काय काम? चारही टोप्या काढल्या, आणि मास्तरांच्या कपाटातल्या चार जादाच्याही घेतल्या. तेवढ्यांनीच काय पाप केलं होतं? आठही पुसून, चकाकवून देवापुढच्या ताटात मांडल्या, पक्कड आणि पेचकसाच्या मधोमध. वर हळद-कुंकू. आरती झाली, प्रसाद वाटला. शेठनी पूजेच्या गडबडीतच खोलीची चावी माझ्या हातात ठेवली.

अकरा वाजता गेटवर गाडी थांबली. एका मोठ्या कारखान्याचे खरेदी करणारे दोन साहेब प्रसादाला आले होते. शेठनी त्यांना केबिनमध्ये बसवलं, बुंदी दिली आणि फुशारकीत म्हणाले, "हमारे यहां सब कम्प्यूटर पर है. बैठे-बैठे गोदाम देख लीजिए."

मास्तर म्हणाले, "शेठ, आज पूजा है."

"मशीन की पूजा है. ये तो ऑफिस है." आणि शेठनी स्वतः बटण दाबलं.

कम्प्यूटरचा पडदा उजळला, पण मोठ्या कम्प्यूटरपर्यंत काही पोचेना. शेठनी पुन्हा दाबलं. साहेबांपैकी एकानं बुंदी खाता खाता घड्याळ पाहिलं.

"किसने बंद किया?" शेठ दारात येऊन ओरडले. त्यांची नजर सरळ बडे बाबूंवर गेली. "कल झगड़ा आप ही कर रहे थे. आपने ही कुछ खींचा होगा."

बाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. खिशात चावी होती. एक वाक्य बोललो असतो तर ती गेली असती.

मी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर बाकाकडं चालले होते. आडवे झाले, खिशातून रुमाल काढला.

"मास्तर, आज नका मरू," मी त्यांच्या कानाशी म्हटलं.

"मी मेलो," ते म्हणाले. "आता चालवा."

दोन्ही साहेब केबिनच्या काचेतून पाहत होते. एकानं शेठला विचारलं, "इनकी तबीयत ठीक है?" शेठ म्हणाले, "हां हां, ये इनका तरीका है," आणि घाम पुसला.

आता टोप्या ताटात. ताटाला हात लावला तर पूजा मोडते, आणि पूजेसाठी काल मीच गळा ताणला होता. पक्कडही ताटात, पेचकसही ताटात. मी वाइंडिंगच्या टेबलाकडं धावलो. तिथं जुन्या रेडिओंतून काढलेल्या भागांचा डबा होता. टोपीच्या पोटात काय असतं? बोटाच्या पेराएवढा एक रजिस्टन्स, पन्नास ओहमचा. रजिस्टन्सवर रंगाचे पट्टे असतात, आणि रंग वाचायला पाचवी लागत नाही. पिवळा, जांभळा, काळा म्हणजे सत्तेचाळीस. चालून जातं. डबा फरशीवर उलटा केला. पिवळा-जांभळा-काळा मिळाले दोन. एका लाइनीपुरते.

हत्यार नव्हतं, दात होते. रजिस्टन्सच्या तारा दातानं साफ केल्या, नखानं वाकवल्या. एक तार लाइनीच्या टोकाच्या मधल्या भोकात, दुसरी बाहेरच्या कड्याला गुंडाळून. ऑफिसच्या लाइनीचं एक टोक बाबूंच्या टेबलाखाली होतं. मी त्यांच्या पायाशी वाकलो, तेव्हा त्यांनी खुर्ची मागं सरकवून मला जागा दिली. दुसरं टोक शेठच्या केबिनमध्ये, साहेबांच्या बुटांच्या मधोमध. मी म्हटलं, "साहब, पांव." त्यांनी पाय उचलून धरले. हातात बुंदीची प्लेट, पाय अधांतरी.

पडद्यावर गोदाम उघडलं. कोणते बोल्ट किती, सगळं. साहेब पाय खाली घ्यायचं विसरून वाचत राहिले. "बढ़िया," ते म्हणाले. गोदामाकडची दुसरी लाइन अजून मेलेली होती, पण गोदामात त्या वेळी कोणी नव्हतं आणि कोणी विचारलं नाही.

गाडी गेल्यावर शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. बाबूंकडं पाहिलंही नाही. मास्तर उठले, रुमालाची घडी घातली आणि मला बाजूला नेऊन म्हणाले, "दात शाबूत हायेत ना?"

"हायेत."

"काम फस्ट क्लास. कोणी बिघडवलं ते मी विचारत नाही. मेलेला माणूस साक्ष देत नसते." आणि प्रसादाची पुडी घेऊन बाजाराच्या रस्त्यानं निघून गेले.

ते रागावले असते तर मी भांडलो असतो. भांडायला काही ठेवलंच नाही त्यांनी. घरी आलो, जेवलो नाही. बायको म्हणाली, चावी मिळाली तरी तोंड असं कावून? मी म्हटलं, दात दुखून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला हात जोडून आठही टोप्या उचलल्या, कुंकू पुसलं, चार जागच्या जागी बसवल्या, चार कपाटात ठेवल्या. दोन्ही लाइनी चालू करून पाहिल्या. मग शेठच्या केबिनमध्ये गेलो. बडे बाबू डाक घेऊन तिथंच उभे होते. मी चावी टेबलावर ठेवली.

"कल लाइन मैंने बंद की थी शेठ. टोपियां निकाल के पूजा में रख दीं. बाबूजी ने कुछ नहीं किया."

शेठनी टेबलावरची पेन्सिल उचलली. बाबू डाक चाळत म्हणाले, "हमको मालूम था मिस्त्री. थाली में आठों टोपी हमने भी देखी थीं. हाथ भी जोड़े थे."

"तो बोले क्यों नहीं?" शेठ म्हणाले.

"पूजा के दिन किसी की रोज़ी पर कौन बोलता है."

शेठनी पेन्सिलीच्या टोकानं चावी बाबूंकडं सरकवली. "आप ही बताइए, इसका क्या करें." बाबूंनी ती उचलली, वळले, आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकून वरून एक चापट मारली, पोस्टाच्या पेटीत पत्र टाकल्यावर मारतात तशी.

मी सॉरी म्हटलं नाही. ते माझ्याच्यानं होत नाही. गेटबाहेरच्या टपरीवर गेलो, एक स्पेशल चहा सांगितला, आणि कपाखाली बशी धरून तो स्वतः बाबूंच्या टेबलाकडं घेऊन निघालो. ऑफिसच्या दारात मास्तर आडवे उभे होते, सगळं ऐकून झालेलं, दोन्ही डोळे ओले.

"सरका मास्तर," मी म्हटलं. "कप भरून हाये."